नऊ मिलिमीटर

चंद्राशी माझा व्यवहार बावन्नाव्या वर्षी मिटला,
असं मी धरून चालले होते.
एका पहाटे त्याला सांगितलंही,
अरोउसाच्या खाडीत, गुडघाभर पाण्यात, हातात दाताळं :
झालं बाबा आपलं. आता तू नुसतं ओहोटीचं बघ.

आणि तो बघत होता इमानानं.
दारामागे त्याचं वेळापत्रक टांगलेलं,
कुठल्या दिवशी किती वाजता चिखल उघडा पडणार,
कधी वाकायचं, कधी घरी जायचं.

पहिली दोन वर्षं अंगातून नुसत्या वाफा.
जानेवारीत बोटं बधिर व्हायची
आणि मी रबरी विजारीचे पट्टे सोडून
वाऱ्याला गळा देऊन उभी.
एरुंदिना ओरडायची, "दोसिंदा, अशी इकडे ये,
आम्हांला शेकू दे जरा!"
हसता हसता तिला थेंबभर व्हायचं. मलाही.
त्याबद्दल आम्ही बोललो नाही कधी.
विजारीत बाहेरचं पाणी कुठलं, आतलं कुठलं,
कोण विचारतंय.

मग सहा वर्षांनी, मार्चमध्ये, डाग.
शिंपल्याएवढा. गंजाच्या रंगाचा.
आधी काय वाटलं सांगू?
बरं वाटलं.
लाज वाटते म्हणताना, पण वाटलं,
जुना भाडेकरू दारात येऊन
ओळखलंत का विचारतोय, असं.

तीन आठवडे मी फडकी धुतली.
बाईमाणसाचं काही ना काही असतंच, म्हटलं.
माझी आईही असंच म्हणायची.
तिचं म्हणणं आम्ही तिच्यासोबतच पुरलं,
ऑक्टोबरात, भर पावसात.

एरुंदिनानं कपडे बदलायच्या खोलीत पाहिलं.
"गेलेली पाळी परत येत नसते," ती म्हणाली.
"हे दुसरंच कुणी दार वाजवतंय. उघड."

पोंतेवेद्राच्या इस्पितळात बाकावर बसलो,
दोघींच्या अंगाला खाऱ्या चिखलाचा वास.
तासाभरानं माझी पाळी आली.
रांगेतली.

डॉक्टरीण पोरसवदा, उशीया नाव.
पडद्यावर करडं काहीतरी,
पहाटे दिसते तशी खाडी, माणसं यायच्या आधीची.
"अस्तर चारपर्यंत असेल तर चालतं," ती म्हणाली.
"तुमचं नऊ आहे."

मिलिमीटर मला शिकवू नका.
तीस वर्षं कमरेला लोखंडी माप बांधलंय.
पस्तिसाच्या आतली शिंपली चिखलात परत,
पुढची टोपलीत.
लहान असेल त्याची सुटका.

तुकडा काढून तपासायला पाठवला. दुखलं.
बारा दिवस थांबा म्हणाले.
मी थांबले नाही, कामावर गेले.
मोठी ओहोटी होती, खाडी पार लांबवर उघडी,
आणि मापात न बसलेली एक एक शिंपली
मी फेकली नाही त्या दिवसांत.
वाकून ठेवली.
त्यापायी आठ किलोंची मर्यादा गाठायला उशीर झाला
आणि मुकादम बडबडला.

निघालं ते निरुपद्रवी. मांसाचा एक कोंब,
खुडून टाकला.
जाता जाता हाडांचीही तपासणी झाली :
खुब्याचं हाड विरळ होत चाललंय.
"थोडं वजन उचलत जा," उशीया म्हणाली,
आणि एरुंदिना अशी हसली
की शेजारच्या खोलीतली नर्स डोकावून गेली.
गोळ्या मात्र घेते मी. रोज, दुधाबरोबर.

सोमवारी त्या खोलीत मी सगळं सांगितलं,
मोठ्यानं, डागापासून,
सात जणी बूट चढवत होत्या त्यांना.
कुणी काही बोललं नाही.
नळ गळत होता.
ओब्दुलिया, सगळ्यांत थोरली, जिला आम्ही कधी
थकलेली पाहिली नव्हती,
एक बूट पायात, एक हातात, तशीच बसून राहिली.
"मलाही," ती म्हणाली. "नाताळापासून."

एरुंदिनानं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली.
ओहोटी साडेनवाची होती, मार्चमधली सगळ्यात खोल.
आम्ही तिघींनी ती सोडून दिली.